ठिबकणारा नळ आणि झिरपणारी फ्लश टाकी: घरी काय दुरुस्त करावे?

प्रश्न: नळ बंद केल्यावरही ठिबकतो आणि फ्लश टाकीतून पाणी झिरपत असल्याचा संशय आहे. प्लंबरचा खर्च टाळण्यासाठी यांपैकी कोणते काम स्वतः करता येईल?

उत्तर १: नळाचे काम घरी निश्चित होते. आधी मुख्य कॉक बंद करावा आणि नळ अनेक फेरे फिरवून बंद होणारा असेल, तर वॉशर बदलावा; पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नळात मात्र बहुधा सिरॅमिक चकत्यांचे कार्ट्रिज (नळाच्या आत बसणारा, पाणी अडवणारा सुटा भाग) असते आणि त्याची मापे वेगवेगळी असल्याने जुना भाग सोबत नेऊनच नवा घ्यावा. दुकानदार अख्खा नळ बदलण्याचा सल्ला देतात, तो सहसा अनावश्यक असतो.

उत्तर २: टाकीत खाद्यरंगाचे काही थेंब टाकून अर्धा तास फ्लश करू नये. शौचालयाच्या भांड्यात रंग उतरल्यास बहुतेक वेळा टाकीच्या तळाच्या झडपेचे रबरच खराब झालेले असते; ते बदलावे.

उत्तर ३: वरील दोन्ही उपायांशी सहमत आहे, परंतु सर्व नळ बंद असताना आणि टाक्या भरलेल्या असतानाही पाण्याचा मीटर फिरत असेल, तर गळती भिंतीत किंवा जमिनीखाली असू शकते; तेथे प्लंबरच बोलवावा आणि त्याच फेरीत साठलेली किरकोळ कामेही करून घ्यावीत.