मेकॅनिकलवाला आहे, फिजिक्सच्या फेलोशिपचा इंटरव्ह्यू आलाय, कोणी दिलाय का?

हापूस_पेटी:
नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीचा, मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष आत्ताच संपलं, रिझल्ट यायचाय. कॉलेजात कोणाला न सांगता जेस्ट (फिजिक्सच्या पीएचडीसाठीची लेखी परीक्षा) दिली होती (आईला माहीत होतं, बाबांना नाही) आणि स्कोअर बरा आला, तर आता मुंबईच्या एका संस्थेतून फिजिक्सच्या पीएचडी फेलोशिपसाठी इंटरव्ह्यूला बोलावलंय, जूनच्या मध्यावर. लेखीचं कसंतरी निभावलं हो, जुने पेपर सोडवून सोडवून, पण समोर चार प्रोफेसर बसलेत आणि हातात खडू देऊन सोडव म्हणाले तर माझी वाचा बसणार. एमएस्सीवाल्यांनी दोन वर्षं क्वांटम घासलंय, माझं ऑफिशियल फिजिक्स फर्स्ट इयरलाच संपलं, नंतर सगळं लायब्ररी आणि यूट्यूब. तीन आठवडे हातात आहेत, त्यातला एक बागेत जाणार कारण आंबा अजून उतरतोय आणि पेट्या भरायला माणूस नाही. काय वाचू, काय सोडून देऊ? आणि इंजिनीअरिंगवाल्यांना मुद्दाम छळतात का?

खाडीकाठचा:
छळत नाहीत रे. मी सिव्हिल करून गेलो होतो, दापोलीचा. सिलॅबस पुरा करायच्या मागे लागू नकोस, ते तीन आठवड्यात होणारच नाही. बहुतेक ठिकाणी सुरुवातीलाच विचारतात की तुझा आवडता विषय कुठला. तिथे क्वांटम फील्ड थिअरी वगैरे शायनिंग मारलीस की मेलास. मी सरळ मेकॅनिक्स आणि थर्मो म्हणालो.

आता माझा किस्सा ऐक. कुठून आलास विचारलं, म्हटलं दापोलीजवळ खाडीकाठी घर आहे. त्यातले एक सर म्हणाले, मग आज भरती किती वाजता? मी सहज आजोबांचा हिशोब सांगितला, तिथीची पाऊणपट करायची, चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा. झालं, पुढचा अर्धा तास त्यातच गेला! पाऊणपटच का? काढून दाखव. मी बोर्डाशी जाऊन घाम पुसतोय, मग सुचलं की एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत भरतीची वेळ घड्याळात चोवीस तास फिरून परत जागेवर येते आणि तेवढ्यात तिथ्या होतात ३०, म्हणजे एका तिथीला २४ भागिले ३०, ०.८ तास, ४८ मिनिटं. आजोबा ४५ धरतात. लगेच पुढचा प्रश्न, मग पंधरा तिथ्यांत चूक किती साठते? ४५ मिनिटं. पौर्णिमेला नियम सव्वाअकरा सांगतो आणि यायला हवेत बारा. मग आजोबांचं चालतं कसं? म्हटलं सर, होडी काढायला पाऊण तास इकडेतिकडे चालतो आणि पौर्णिमेनंतर परत प्रतिपदेपासून मोजतात, चूक आपोआप पुसली जाते. सगळे हसले, तिथे माझी भीती गेली.

त्यानंतर खरा प्रश्न आला. चंद्र एका बाजूला, मग भरती दिवसातून दोनदा का? हे शाळेत पाठ केलेलं असतं पण समजलेलं नसतं. चंद्राकडच्या बाजूचं पाणी जास्त ओढलं जातं, पृथ्वीचा मध्य त्याहून कमी, पलीकडचं पाणी सगळ्यात कमी, म्हणून पाणी दोन्ही बाजूंना फुगतं, म्हणजे फरक महत्त्वाचा, ओढ नाही. सूर्याची पृथ्वीवरची ओढ चंद्राच्या जवळपास १८० पट आहे तरी भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी, कारण भरतीचं बल अंतराच्या घनाने कमी होतं. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) दोन्ही यातूनच निघतं. हे कागदावर एकदा स्वतः काढ, टेलर एक्सपान्शन पहिल्या टर्मपर्यंत, बस.

देवगडवाली_ताई:
वरच्या दादांचं पटलं, फक्त गावाकडचं सांगताना तपासून सांगा, मी तोंडावर आपटलेय. मी इलेक्ट्रॉनिक्सची. देवगड म्हटल्यावर कोणीतरी विजयदुर्ग जवळच ना असं म्हणालं आणि मी मोठ्या अभिमानाने ठोकून दिलं की हेलियमचा शोध आमच्या किल्ल्यावर लागला, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात, लॉकियर साहेबाने लावला. लहानपणापासून किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे (ग्रहण बघायला बांधले म्हणतात ते) बघत आलोय ना. एक मॅडम शांतपणे म्हणाल्या, लॉकियर त्या दिवशी कुठे होता? मी गप्प. तो इंग्लंडातच होता हो, त्याने सूर्याच्या उजेडातली हेलियमची पिवळी रेषा ऑक्टोबरात ग्रहणाशिवाय बघितली. ग्रहण बघायला आलेला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होता तिकडे गुंटूरला.

पण पुढचं महत्त्वाचं. मी चूक मान्य केली, माहीत नव्हतं म्हणाले, त्यावर त्यांनी काहीच धरून ठेवलं नाही. लगेच विचारलं, पिवळी रेषा दिसली तर ती सोडियमची नाही हे कसं ठरवशील? आणि हे मला येत होतं, फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलमुळे! सोडियम लॅम्प आणि ग्रेटिंग (उजेडाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची पट्टी), ज्याची जर्नल आपण मैत्रिणीची बघून उतरवतो तेच. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, हेलियमची ५८७.५ ला. दीडचा फरक, म्हणजे ५८९ भागिले दीड, साधारण ४०० रिझॉल्व्हिंग पॉवर (जवळच्या रेषा वेगळ्या दाखवायची ताकद) पुरते, पहिल्या ऑर्डरला ग्रेटिंगच्या ४०० रेघांवर उजेड पडला की झालं. सोडियमच्या त्या दोन वेगळ्या दिसायला मात्र हजारेक लागतात. तेव्हा फर्स्ट इयरची जर्नल माळ्यावरून काढ, खरंच सांगते.

मालवणी_खाजा:
अरे मेल्या भियातंस कित्याक, ते काय तुका खातले?

सेकंड_इयर_सावंतवाडी:
मधेच विचारतो सॉरी, मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला आहे, इन्स्पायरची ती वर्षाला ८० हजारवाली स्कॉलरशिप आपल्याला मिळते का?

देवगडवाली_ताई:
नाही रे, ती बीएस्सी, इंटिग्रेटेड एमएस्सी अशा मूलभूत विज्ञानवाल्यांना. इंजिनीअरिंगला नाही. नवीन धागा काढ, इथे गोंधळ होईल.

हापूस_पेटी:
दादा, ताई, खूप आभार. दोन गोष्टी राहिल्या. माझा फायनल इयर प्रोजेक्ट आंबापोळीसाठी सोलर ड्रायर होता, तो सांगू का लपवू? फिजिक्सवाल्यांना फालतू वाटेल असं वाटतं. आणि बाबांना काय सांगू, ते म्हणतात पुण्याला कंपनीत चिकट, शिकणं पुरे.

खाडीकाठचा:
लपवतोस काय, तेच तुझं हत्यार आहे! पण प्रोजेक्ट कॉलेजच्या रिपोर्टसारखा सांगू नकोस. ते विचारतील एक चौरस मीटरच्या ड्रायरमधून तासाला किती पाणी उडेल? कॅल्क्युलेटर नाही. भर उन्हात चौरस मीटरला साधारण १००० वॅट धर, त्यातले ४० टक्के कामी आले तर ४००. एक किलो पाणी उडवायला २४ लाख ज्यूलच्या आसपास. तासाला ४०० गुणिले ३६०० म्हणजे १४ लाख ४० हजार, तर उडतं सुमारे ६०० ग्रॅम. आता तू प्रत्यक्षात किती मोजलंस? कमी आलं असेल तर का? मग येईल दमट हवेचं, मेमधे आपल्याकडे हवा आधीच भिजलेली तरी ड्रायर चालतो कसा. दर १० अंशाला हवेची वाफ धरायची ताकद जवळपास दुप्पट होते, म्हणून नुसती तापवली तरी ती कोरडी होते. हे तू स्वतः मोजलंयस, एमएस्सीवाल्याने नाही.

बाबांचं म्हणशील तर आकडा सांग. जेआरएफ (पीएचडीच्या सुरुवातीची फेलोशिप) जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, वर घरभाडं वेगळं किंवा होस्टेल. शिकायला पैसे देतात हे आमच्या घरीपण कोणाला खरं वाटत नव्हतं. मात्र फिजिक्सच का हे पॅनलपण विचारेलच, तिथे लहानपणापासून तारे आवडायचे असलं काही नको, खरं काय ते सांग.

आणि जूनमधे कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल लागतं, गाड्या हळू धावतात, आदल्या दिवशीच मुंबईत पोच.

हापूस_पेटी:
तिकीट आदल्या दिवसाचंच काढलं. बाबांना आकडा सांगितला, काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी पेट्या भरताना म्हणाले उद्या तू नको येऊ बागेत. बघू.

बाकी काल मिरकरवाड्याला आमच्या ओळखीचे एक काका आहेत, मासेमारी करतात, त्यांना तो पाऊणपटचा हिशोब सांगितला. ते हसले, म्हणाले तो मुंबईकडे जुळतो, आमच्याकडे भरती त्याच्या आधी लागते. म्हणजे भरती किनाऱ्याने दक्षिणेकडून वर चढते का? चंद्र तर पूर्वेकडून येतो ना मग? रात्री दोन वाजेपर्यंत कागद काळे केले, अजून बसलेलं नाही.

खाडीकाठचा:
बसवू नकोस घाईत. भरतीला लाट समज, समुद्राला खोली आहे आणि आडवा किनारा आहे. पुढे गुजरातेत खंभातच्या आखातात जाऊन ती एवढी का फुगते तेही याच कागदावर बघ. निघालं की इथे टाक.