मदत हवी आहे : एमआरआयची भीती, संमोहन आणि सासूबाईंचा प्रश्न

ओसरी

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी इंदूरला राजेंद्र नगरात राहते, वय ४८. नाताळापासून कमरेतून डाव्या पायाच्या करंगळीपर्यंत मुंग्या येतात, हल्ली पाऊलही जड पडतं. हाडांच्या डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय सांगितला आणि तिथेच गाडं अडलंय. दोनदा गेले, दोन्ही वेळा न करताच परत आले.

पहिल्या वेळी त्या अरुंद फळीवर झोपवलं, कानावर हेडफोन चढवले, हातात रबरी फुगा दिला. "घबराहट हो तो दबा देना।" फळी आत सरकायला लागली, छत नाकावर आलं आणि फळी थांबायच्या आधीच मी फुगा दाबला होता. दुसऱ्या वेळी नवऱ्याला आत उभं केलं. त्याने माझ्या पायाचा अंगठा धरून ठेवला होता. दोनेक मिनिटं टिकले असेन. मग ती ठकठक सुरू झाली. बाहेर काढलं तेव्हा गाऊन पाठीला चिकटला होता आणि बाकड्यावरचा एक लहान मुलगा आईला विचारत होता, "इन आंटी को क्या हुआ?"

भीती कुठून आली ते मला पक्कं ठाऊक आहे. नगरला आजोळी, सात वर्षांची असताना, लपाछपीत मी ज्वारीच्या रिकाम्या पत्र्याच्या कोठीत उतरले. वरून झाकण पडलं आणि कडी अडकली. मामा म्हणतो पाच मिनिटं सुद्धा झाली नव्हती. असेल. पण तळाशी राहिलेल्या जुन्या ज्वारीचा तो कोंदट वास अजून कुठे आला की माझा घसा आवळतो.

भूल देऊन करा म्हणाल, तर मला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. त्यामुळे डॉक्टर म्हणतात तो पर्याय शेवटी ठेवू. (त्या त्रासासाठी रात्री लावायचा मास्कही मला सोसत नाही. कारण तेच.) त्यांनी एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, चार-पाच बैठका संमोहनाच्या, सोबत घरी थोडा सराव.

आता खरा प्रश्न. आम्ही ख्रिस्ती आहोत. आजेसासरे नगरहून इथे मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले, तेव्हापासून घर इंदूरचं. चर्चमधली उपासना हिंदीत आणि घरची प्रार्थना मराठीत, असं आमचं चालतं. गुरुवारच्या प्रार्थनासभेत मी हे सहज बोलले आणि गहजब झाला. एका ताईंनी बायबलमधल्या 'अनुवाद' पुस्तकाचा अठरावा अध्याय काढला, मंत्रतंत्र आणि जादूटोण्याला मनाई असलेला. दुसऱ्या म्हणाल्या, लूकच्या अकराव्या अध्यायातलं ते झाडून-पुसून रिकामं ठेवलेलं घर आठव, मन मोकळं सोडलं की कोणीही येऊन बसतं. पाळकसाहेब काही बोलले नाहीत, प्रार्थना करतो म्हणाले. घरी आल्यावर सासूबाई शांतपणे विचारत्या झाल्या, "तुझ्या विश्वासाला काय झालं ग?"

त्या वाईट बाई नाहीत. मला दोन्ही वेळा डबा घेऊन त्याच सोबत आल्या होत्या. पण हे वाक्य काही जात नाही, कारण ते माझ्याही मनात आहे. तेविसावं स्तोत्र मला लहानपणापासून पाठ आहे, मशीनमध्येही म्हणत होते, तरी फुगा दाबलाच.

कोणी संमोहन घेतलं आहे का? त्यात आपण आपल्या ताब्यात असतो का? नको ते तोंडून निघतं का? श्रद्धा असलेल्या कोणी घेतलं असेल तर नंतर प्रार्थनेला बसताना काही वेगळं वाटलं का, तेही सांगा. टिंगल नको, एवढी विनंती.

---

खडीसाखर

टिंगल नाही, पण शाळेत असताना आमच्याकडे एक संमोहनवाले आले होते. त्यांनी पीटीच्या सरांना सफरचंद सांगून कांदा खायला लावला. सरांनी मिटक्या मारत खाल्ला. तेव्हापासून माझा या प्रकारावर विश्वासही आहे आणि नाहीही.

---

निंबोणी

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, बडोद्याला. कांद्याचं आधी सांगते. स्टेजवाला शंभर जणांतून निवडून माणसं वर बोलावतो, जी सहज सूचना घेतात आणि चारचौघांत खेळायला तयार असतात. दवाखान्यातलं काम वेगळं.

ओसरीताई, संमोहनात झोप लागत नाही. जेम्स ब्रेड या स्कॉटिश सर्जनने १८४३ च्या पुस्तकात हे नाव रूढ केलं, झोपेसाठीच्या ग्रीक शब्दावरून. पुढे त्यालाच ते नाव पटेना, कारण ही झोप नसून एकाच विचारावर चित्त लागणं आहे हे त्याच्या लक्षात आलं. भाजी निवडताना मन कुठे लांब जातं, हात आपले चालू राहतात आणि कुकरची शिट्टी झाली की आपण पटकन उठतो ना, तसंच काहीसं. आवाज ऐकू येतात, डोळे उघडता येतात, "नको, थांबा" म्हणता येतं. जे सांगायचं नाही ते तोंडून आपोआप निघत नाही. शुद्धीत माणूस खोटं बोलतो तसं तिथेही बोलू शकतो.

सगळ्यांना ते सारखं लागतही नाही. काहींना पटकन, काहींना जवळजवळ नाहीच. अशा ठरावीक गोष्टीच्या भीतीवर सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो भीतीच्या गोष्टीजवळ पायरी-पायरीने जाण्याचा. संमोहन त्याला हातभार लावतं. तुमच्या बाईंनी "सोबत घरी सराव" म्हटलंय, म्हणजे त्या बरोबर वाटेवर आहेत. फक्त त्यांचं आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन विचारून घ्या. त्यात संकोच नको, आम्हाला राग येत नाही. आणि कोणी गेल्या जन्मात नेतो म्हणाला, किंवा कोठीतली "दडलेली" आठवण उकरतो म्हणाला, तर चप्पल घालून निघा. संमोहनात उकरलेल्या आठवणींत भेसळ होते. तुमच्या कोठीत काय झालं ते तुम्हाला आधीच माहीत आहे.

---

सुतारपक्षी

मी विश्वासी आहे म्हणून स्पष्ट लिहितो. बहिणी, मला त्या ताईंचं म्हणणं पटतं. मन ही देवाने दिलेली जागा आहे, तिची किल्ली माणसाच्या हाती देऊ नये. उपास आणि प्रार्थना करा, मंडळीला करायला सांगा. तुमचं वाईट चिंतून लिहीत नाही.

---

वसईकर_मधली_आळी

सुतारपक्षी, तुमच्या भावनेचा आदर आहे. पण भुलीचं इंजेक्शन घेतो तेव्हा किल्लीच काय, अख्खं घरच डॉक्टरच्या हाती देतो की. तेव्हा मंडळीत कोणी अध्याय काढत नाही.

आम्ही कॅथलिक. आमच्याकडेही एकोणिसाव्या शतकात या विषयावर रोमहून कडक पत्रं निघाली होती, कारण तेव्हा संमोहनाच्या नावाखाली मृतांशी बोलणं, भविष्य सांगणं असलं बरंच चालायचं. मनाई मुख्यतः त्याला होती. पुढे १९५७ मध्ये पोप बारावे पायस भूलतज्ज्ञांपुढे बोलले, त्यात डॉक्टरने उपचारासाठी आणि योग्य ती खबरदारी घेऊन केलेल्या संमोहनाला त्यांनी वाट मोकळी ठेवली. तुम्ही प्रोटेस्टंट दिसता, तेव्हा पोपचं तुम्हाला बंधन नाही, पण सासूबाईंना सांगायला उपयोगी पडेल. किंवा उलटंही होईल, पोपचं नाव काढल्यावर!

---

मांडवीकाठ

अरे, पणजीचा आबे फारिया कोणालाच आठवला नाही?

जुन्या सचिवालयाशेजारी तो काळा पुतळा आहे ना, हात पसरून एका बाईवर झुकलेला, ज्याच्यासमोर पर्यटक फोटो काढतात आणि कोण ते विचारत नाहीत, तो हा. जन्म १७५६, कांदोळी. कॅथलिक पाद्री. त्या काळी युरोपात मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या मताचा बोलबाला होता, की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काहीतरी चुंबकीय द्रव समोरच्यात जातो. फारियाने १८१३ पासून पॅरिसात जाहीर प्रयोग करून उलटं सांगितलं : माझ्यात काही शक्ती नाही, जे घडतं ते तुमच्याच मनात आणि तुमच्याच तयारीने घडतं. सूचनेवर चालणाऱ्या आजच्या संमोहनाचा पाया तिथे आहे. म्हणजे ओसरीताई, किल्ली तुमच्याच पदराला राहते, हे पहिल्यांदा ठासून सांगणारा माणूस झगा घातलेला पाद्रीच होता.

आणि त्याची ती दंतकथा. तरुणपणी लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि समोरचे बडे लोक पाहून त्याची वाचाच बसली. त्याचा बाप जवळच होता, तो कोंकणीत हळूच म्हणाला, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" पोरगा सुटला. घडलं असेल-नसेल, गोव्यात प्रत्येक पोराला परीक्षेआधी हे ऐकवतात. मला त्यात मौज वाटते ती एवढीच की बापाने ते पोर्तुगीजमध्ये म्हटलं नाही.

---

डबलशिफ्ट

मी एमआरआय टेक्निशियन आहे. दर आठवड्याला दोघं-चौघं फुगा दाबतात. लाजण्यासारखं काही नाही.

कमरेचा एमआरआय आहे ना? मग पाय आधी आत घालून करता येतो का ते विचारा. उंचीप्रमाणे डोकं तोंडाशी किंवा बाहेरही राहतं. जुन्या मशीनचं भोक ६० सेंटिमीटरचं असतं, नव्या रुंद मशीनचं ७०. ऐकायला दहाच, पण आत झोपल्यावर फार फरक. फोन करून विचारून घ्या. डोळ्यांवर घडी केलेला नॅपकिन बाहेरच ठेवा आणि फळी हलायच्या आधी डोळे मिटा. आत जाऊन डोळे उघडले की संपलं. आणि टेक्निशियनला सांगून ठेवा, प्रत्येक भागाआधी किती मिनिटांचा आहे ते माइकवर बोल. मोजता आलं की माणूस टिकतो.

---

ओसरी

सगळ्यांचे आभार. सुतारपक्षी, तुमचेही. राग आला नाही.

अकरा दिवसांनी लिहितेय. तीन बैठका झाल्या.

पहिली फसली. बाई छान आहेत, पण हिंदीत "आपकी पलकें भारी हो रही हैं" म्हणाल्या आणि मला हसू फुटलं. सिनेमाच वाटला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, घबराट होते तेव्हा तुम्ही मनात कुठल्या भाषेत बोलता? मराठीत, मी म्हटलं. मग त्यांनी वही पुढे केली. जिथे तुम्हाला निवांत वाटतं ती जागा तुमच्याच शब्दांत लिहा आणि तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करून आणा, मी मध्ये फक्त श्वास मोजेन. फारियाचा बाप आठवला.

मी आजोळच लिहिलं. त्याच वाड्यातली कोठी आणि त्याच वाड्यातली ओसरी. संध्याकाळी आजी तिथे कंदील पुसत बसायची आणि तेविसावं स्तोत्र म्हणायची, हिरवी कुरणं, संथ पाणी. दर ओळीला काचेवरून फडका एकदा फिरायचा. तो चीं-चीं आवाज मी पार विसरले होते. लिहायला बसल्यावर आला. (निंबोणी, हे शुद्धीत, जेवणाच्या टेबलावर आठवलं, संमोहनात नाही!) मशीनमध्ये मी तेच स्तोत्र म्हणत होते, पण धावत. बसमागे धावल्यासारखं. आता एका श्वासाला एक ओळ, आणि ओळीला एकदा फडका.

तिसऱ्या बैठकीत हात हलके झाले, खालून जाणाऱ्या रिक्षाचा भोंगा ऐकू येत होता आणि त्याचं काही वाटत नव्हतं. एवढंच. कोणी आत आलं नाही, कोणी गेलं नाही. प्रार्थनेला नंतर काही वेगळं वाटलं का, हे मीच विचारलं होतं. नाही वाटलं. त्या रात्री मात्र सवयीचं मागणं विसरून गेले आणि तशीच बसून राहिले.

सराव दिवाणाखाली चालू आहे. नवरा मोबाइलवर एमआरआयचा आवाज लावतो आणि मी खाली सरपटते. पहिल्या दिवशी ४० सेकंद, काल १८ मिनिटं. काल सासूबाई दिवाणावर बसून लसूण सोलत होत्या. मध्येच वाकून विचारलं, "आहेस ना ग?" आहे म्हटलं. मग सोलता सोलता त्यांनीच स्तोत्राची पुढची ओळ म्हटली. संमोहनाबद्दल काही बोलल्या नाहीत, मीही विषय काढला नाही. पाळकसाहेबांनी मात्र निरोप धाडला, गुडघ्याच्या ऑपरेशनआधी आपल्यालाही एकदा त्या बाईंना भेटायचं आहे. प्रार्थनासभेत सांगू नका म्हणाले.

गुरुवारी सकाळी साडेआठचा नंबर आहे. रुंद मशीन मिळालं, पाय आधी. डबलशिफ्ट, एक शेवटचं विचारते. गळ्यातली साखळी बाहेर ठेवायची ते माहीत आहे. पण सासऱ्यांनी सागवानी लाकडाचा बोटाएवढा क्रूस केला होता, तो मुठीत धरला तर चालेल का?

---

डबलशिफ्ट

नुसतं लाकूड असेल तर अडचण नाही. पण आत खिळा, तार, पिन काही नको. नीट बघा, आणि तिथल्या टेक्निशियनला दाखवूनच आत न्या. त्याने नको म्हटलं तर नको.

---

ओसरी

बघितला. जिथे आडवी पट्टी बसवलीय तिथे मागून एक बारीक चूक ठोकलेली आहे. इतकी वर्षं हातात घेतेय, कधी लक्षात आलं नाही. नवऱ्याने आत्ताच पकडीने उपसून फेव्हिकॉल लावलाय आणि वर खलबत्ता ठेवलाय. सकाळपर्यंत वाळेल म्हणतो.