बँकेच्या मीटिंग रूममध्ये इको येतोय, आणि एवढ्या रूम्स सांभाळायच्या कशा?

बीकेसी_व्हीसी

नमस्कार मंडळी. मी एका मोठ्या बँकेच्या बीकेसीतल्या ऑफिसात व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्सिंग) आणि मीटिंग रूम्स बघतो. आधी डेस्कटॉप सपोर्टला होतो, सहा महिन्यांपूर्वी हे काम अंगावर आलं. सात मजले, लहानमोठ्या धरून नव्वदच्या वर रूम्स. टीव्ही ॲडमिनकडे, स्विच नेटवर्कवाल्यांकडे, टीम्सची (मायक्रोसॉफ्टचं व्हिडिओ कॉलचं ॲप) अकाउंट्स ईमेल बघणाऱ्या मेसेजिंग टीमकडे, कॅमेरा-माईक एएमसीवाल्या (वार्षिक देखभाल करारावरच्या) वेंडरकडे, आणि बिघडलं की फोन मात्र मला.

परवा तिमाही आढावा होता, नागपूर आणि कोल्हापूरची झोनल ऑफिसं जोडलेली. सुरू होताच नागपूरवाले म्हणाले आमचाच आवाज आम्हाला परत ऐकू येतोय. मी तिथल्या मुलाला फोनवरून माईक बदलायला लावला, सगळं बंद-चालू करायला लावलं, काही फरक नाही. शेवटी साहेबांनी टेबलावर साधा फोन ठेवायला सांगितला आणि उरलेली मीटिंग त्याच्यावर झाली, मी भिंतीला टेकून उभा. फार लागलं मनाला. आठवड्यापूर्वी त्याच रूममध्ये सगळं ठीक चालत होतं, मधे फक्त टीव्ही बदललाय. इको कसा घालवायचा आणि एवढ्या रूम्स तुम्ही लोक कशा सांभाळता, दोन्ही सांगा प्लीज.

केबलवाला_ठाणे

दादा, नागपूरला उगाच त्रास दिलात. ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो त्याच्याकडे बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं, बिघाड समोरच्या रूममध्ये म्हणजे तुमच्याकडे असतो. त्याचा आवाज तुमच्या स्पीकरमधून येतो, तुमचा माईक तो पकडतो आणि परत पाठवतो. हे होऊ नये म्हणून डीएसपी म्हणजे रूमचा आवाज सांभाळणारा प्रोसेसर असतो, स्पीकरला काय जातंय ते त्याला माहीत असतं आणि माईकमधून तेवढंच तो वजा करतो. आता टीव्ही बदलला तिथेच घोळ झालेला असणार. नवा टीव्ही एचडीएमआयवरून रूमच्या पीसीला नवा स्पीकर म्हणून दिसतो, सेटिंगमध्ये स्पीकर तिकडे गेला की आवाज डीएसपीला वळसा घालून थेट टीव्हीतून बाहेर पडतो, मग डीएसपी वजा कशातून काय करणार? सेटिंगमध्ये स्पीकर परत डीएसपीवर आणा आणि टीव्हीचा स्वतःचा आवाज शून्यावर ठेवा. एवढं करूनही राहिला तर रूममध्ये कोणी लॅपटॉपवरून ऑडिओ चालू ठेवून जॉइन झालंय का बघा, अशी पण खूप प्रकरणं बघितलीत.

सांभाळायचं म्हणाल तर सकाळची फेरी. साडेआठच्या आत मोठ्या रूम्स स्वतः बघायच्या आणि नुसती स्क्रीन लागली म्हणून पुढे जायचं नाही, टेस्ट कॉल लावायचा, दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाला एक ते दहा मोजायला सांगायचं आणि त्याला स्वतःचे आकडे परत ऐकू येतात का हे विचारायचं. टेबलातल्या बॉक्सची एचडीएमआय केबल टॉर्च मारून बघा, लोक तिरकी ओढतात आणि तोंड वाकतं, मग स्क्रीन मधेच काळी होते आणि सगळे टीव्हीला शिव्या देतात. अजून एक, यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरच्या पुढे भरवशाची नाही, कॅमेरा लांबच्या भिंतीवर असेल तर एक्स्टेंडरच (लांब अंतरावर सिग्नल नेणारा डबा) लावा.

लॅनवाला_सोलापूर

वरचं बरोबर आहे. नेटवर्कच्या बाजूनं सांगतो. सकाळी रूमचं पॅनल (मीटिंग चालू करायची टचस्क्रीन) साइन-इन मागत बसलं तर आधी पासवर्ड एक्स्पायर झाला का बघा. माणसांच्या अकाउंटची पॉलिसी रूमच्या अकाउंटला लागते आणि पासवर्ड बदलायला तिथे कोणी बसलेलं नसतं. ओटीपीचंही तेच, पॅनल ओटीपी कुठे टाकणार? इन्फोसेककडून (माहिती सुरक्षा विभाग) रूम अकाउंटसाठी वेगळी पॉलिसी लिहून घ्या, ठरावीक डिव्हाइस आणि ठरावीक नेटवर्कवरूनच लॉगिन असं बांधून मागितलंत तर ते ऐकतात, नुसती सूट मागितलीत तर नाही ऐकणार.

चित्र फुटत असेल तर फायरवॉलवर यूडीपीचे (आवाज-चित्र पटकन पाठवायची पद्धत) पोर्ट ३४७८ ते ३४८१ उघडे आहेत का विचारा. बंद असले की टीम्स टीसीपी ४४३ वर, म्हणजे साध्या वेबसाइटच्या वाटेवर जातं, कॉल लागतो म्हणून कोणाला संशय येत नाही पण आवाज तुटत राहतो. बँकेत प्रॉक्सी (इंटरनेटच्या वाटेवरचा तपासणी सर्व्हर) सगळं उघडून तपासते, मीडिया ट्रॅफिकला म्हणजे कॉलच्या आवाज-चित्राला त्यातून वगळायला लावा. झोनल ऑफिसच्या लिंकवर आवाजाला डीएससीपी (नेटवर्कवर कोणाला आधी वाट द्यायची ते सांगणारा आकडा) ४६ आणि व्हिडिओला ३४ लावून ठेवा, नाहीतर संध्याकाळी मोठी फाइल ट्रान्सफर सुरू झाली की पहिला बळी आवाजाचा जातो. आणि रूमचे जुने पीसी अजून विंडोज १० वर असतील तर आजच यादी करा, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपलाय, ऑडिटमध्ये सापडलं तर अवघड जाईल.

सेक्रेटेरियल_पुणे

मी दुसऱ्या एका बँकेत कंपनी सेक्रेटरी विभागात आहे, टेक्निकल काही कळत नाही पण आमची एक बाजू सांगते. खासगी बँक म्हणजे कंपनी, त्यामुळे संचालक मंडळाची बैठक व्हीसीवर घेताना कंपनी कायदा २०१३ चं कलम १७३(२) आणि मंडळाच्या बैठकांबद्दलच्या २०१४ च्या नियमांतला नियम ३ लागतो (राष्ट्रीयीकृत बँकांचे नियम वेगळे). सुरुवातीला हजेरी होते, प्रत्येक संचालक नाव आणि ठिकाण सांगतो आणि आपल्यासोबत दुसरं कोणी नाही हेही सांगतो. रेकॉर्डिंग जपून ठेवावं लागतं. त्यामुळे हजेरी नीट ऐकू आली नाही तर तो नुसता आवाजाचा प्रॉब्लेम राहत नाही, आमच्या कामकाजावरच प्रश्न येतो. तुमचा माणूस दाराबाहेर हवा, आत नको, आणि हाक मारली की लगेच यायला हवा.

दुसरं म्हणजे दाराबाहेरच्या पॅनलवर मीटिंगचा विषय दिसतो का ते तपासा. आमच्याकडे एका थकीत कर्जदाराचं नाव कॉरिडॉरमध्ये दिवसभर झळकत होतं, चहावाल्यापासून सगळ्यांनी वाचलं. आता फक्त बुक करणाऱ्याचं नाव दिसतं.

केबलवाला_ठाणे

ताईंनी पॅनलचं फार महत्त्वाचं सांगितलं. दादा, तिकीट रूमच्या नंबरवर घ्यायला लावा, डिव्हाइसवर नको. माणूस फक्त सांगेल ४०७ चालत नाहीये, टीव्ही की नेटवर्क की अकाउंट ते तुम्ही शोधा. आणि ॲडमिननं टीव्हीला हात लावायच्या आधी तुमची सही, हे ॲडमिनच्या हेडकडून मेलवर घ्या, तोंडी नको.

बीकेसी_व्हीसी

आत्ताच रूममधून आलो. स्पीकर टीव्हीवरच गेला होता, आवाज ४० वर. डीएसपीवर परत घेतला आणि नागपूरच्या त्याच मुलाला फोन लावला, आधी सॉरी म्हटलं, मग एक ते दहा मोजायला लावलं. स्वच्छ. त्याच मजल्यावर अजून चार टीव्ही बदललेत असं ॲडमिनकडून कळलं, त्यातल्या दोन ठिकाणी हेच निघालं, उरलेल्या दोन उद्या सकाळी बघतो. पॅनलवर आमच्याकडे पूर्ण विषय दिसतोय, त्याचा मेल मेसेजिंगला टाकलाय. लॅनवाले काका, रूम अकाउंटच्या पॉलिसीसाठी इन्फोसेकला नेमकं काय लिहिलंत ते जमलं तर बँकेचं नाव वगैरे काढून इथे टाकाल का?