ठासणीच्या बंदुकीवर स्कोप: ३-९ घ्यावा की त्याहून लहान?

ओहायोकर:
नमस्कार मंडळी. इथे अमेरिकेत राहून शिकार करणारे मराठी लोक थोडेच, पण आहेत हे ठाऊक आहे, म्हणून विचारतोय.

माझ्याकडे .५० कॅलिबरची ठासणीची बंदूक आहे. आताच्या पद्धतीची इनलाइन, मधून मोडायची आणि मागून २०९ प्रायमर, म्हणजे बार पेटवणारी टोपी, बसवायचा. माझा बार म्हणजे ५० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) दारूच्या दोन वड्या आणि सॅबोतली, म्हणजे प्लास्टिकच्या वाटीतली, २५० ग्रेनची गोळी. ओहायोत जानेवारीच्या सुरुवातीला मझललोडरचे, म्हणजे ठासणीच्या बंदुकीचे, मोजके दिवस असतात, तेव्हा मी आग्नेय भागात, झालेस्कीच्या सरकारी जंगलात बसतो. ओक आणि हिकरीचं रान, उतार, घळी. हरीण दिसतं ते बहुतेक साठ-सत्तर यार्डांवर. एक जागा मात्र विजेच्या तारांखाली तोडलेल्या मोकळ्या पट्टीवर आहे, तिथे दीडशे यार्डांपर्यंत नजर जाते.

आजवर नेम धरायला नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच यांवर भागलं. आता वय ५२, डोळ्यावर प्रोग्रेसिव्ह चष्मा. माशी नीट दिसली तर हरीण धूसर, आणि हरीण दिसलं तर माशीचा पत्ता नाही. दुकानदार म्हणतो ४-१२×५० चा स्कोप घ्या (दृश्य चार ते बारा पट मोठं दाखवणारी दुर्बीण, पुढची काच ५० मिलिमीटरची), खाली अंतराच्या खुणा असलेलं रेटिकल, म्हणजे आतल्या नेमाच्या रेषा, येतं. मित्र म्हणतो रेड डॉट, म्हणजे दृश्य मोठं न करता नुसता लाल ठिपका दाखवणारी काच, पुरे. बजेट रिंग-बेससकट (स्कोप बंदुकीवर पकडणाऱ्या कड्या आणि पट्टी) अडीचशे डॉलर. काय करू?

जुनी_नळी:
४-१२×५० अजिबात नको. दुकानदाराला मोठी काच विकायची आहे, तुम्हाला संध्याकाळच्या उजेडात हरीण मारायचंय. दोन्ही कामं वेगळी.

गणित सोपं आहे. पुढच्या काचेचा व्यास भागिले मोठेपणा, म्हणजे डोळ्यापर्यंत येणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी. ५० ला ४ ने भागा, साडेबारा मिलिमीटर. पण माणसाची बाहुली अंधारात फार तर सात मिलिमीटर उघडते, आणि पन्नाशीत तर पाचच्या आसपासच. उरलेला उजेड तुमच्या गालावर पडणार. ३२-३३ ची काच चारवर ठेवलीत तरी आठ मिलिमीटर मिळतात, म्हणजे डोळ्याला घेता येतील त्याहून जास्तच. ओहायोत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत बार काढता येतो, आणि त्या शेवटच्या वीस मिनिटांत मोठेपणा कमी ठेवणं हेच खरं औषध. शिवाय ५० च्या काचेला उंच रिंगा लागतात. मग गाल दस्त्यावर टेकत नाही, मान वर काढून नेम धरावा लागतो, आणि जाड कोट घातल्यावर ते आणखी वाईट.

दुसरं, रान. ३ वर शंभर यार्डांवर तीसेक फूट रुंदीचा तुकडा दिसतो, ९ वर दहा-बारा फूट. साठ यार्डांवर झाडांतून चालणारं हरीण ९ वर शोधत बसलात तर फक्त साल दिसेल. आणि ठासणीच्या बंदुकीत एक जास्तीची भानगड आहे, धूर. बार झाला की समोर ढग. तो विरेपर्यंत हरीण कुठे पळालं, शेपटी खाली होती की वर, हे बघायला दृश्य रुंदच हवं. दुसरी गोळी पटकन ठासता येत नाही हे तुम्हाला सांगायला नको.

माझं मत: २-७×३२ किंवा ३३. ३-९×४० स्वस्तात मिळाला तर तोही चालेल, फक्त कायम ३ किंवा ४ वर ठेवायचा आणि पट्टीवर बसाल तेव्हाच वाढवायचा. डोळ्यापासूनचं अंतर, ज्याला आय रिलीफ म्हणतात, ते पावणेचार इंच तरी हवं. तुमच्या शंभर ग्रेनला धक्का सोसवतो. उद्या हौसेनं दीडशे केलेत तर तो मोठ्या मॅग्नम रायफलींच्या पंगतीत जाऊन बसतो, आणि आखूड आय रिलीफचा स्कोप भुवईवर चंद्रकोर काढतो. व्होर्टेक्स क्रॉसफायर २ मधला २-७×३२ या हिशोबात बसतो. निकॉननं रायफल स्कोप बनवणं थांबवलं, पण त्यांचे मझललोडरसाठीचे जुने इनलाइन स्कोप अजून वापरलेले मिळतात. काच चांगली असते. पण काचेवर ओरखडा आणि नळीवर रिंगांचे वळ नाहीत ना, ते हातात घेऊन बघा.

ओहायोकर:
सविस्तर उत्तराबद्दल आभार. आणि त्या अंतराच्या खुणांचं काय? दीडशेवर उपयोग नाही का?

जुनी_नळी:
दीडशेला खुणा कशाला? तुमची गोळी साधारण १७०० फूट सेकंदाला या वेगानं निघते. शंभरावर झिरो केलंत, म्हणजे नेम आणि गोळी तिथे एकाच जागी जुळवलीत, तर दीडशेवर चार-पाच इंच खाली, दोनशेवर फूटभर किंवा थोडं जास्त. त्यापेक्षा शंभरावर दोन इंच वर लागेल असं बसवा. मग पन्नासवरही दोनेक इंच वर, दीडशेवर दोनेक इंच खाली. हरणाचं काळीज-फुप्फुसांचं क्षेत्र आठ इंचांचं. सरळ मध्यावर धरा आणि चाप ओढा, कुठली खूण कुठल्या अंतराची हे आठवत बसायला नको. दुसरं म्हणजे त्या खुणा कोणाच्या तरी दारूवर, कोणाच्या तरी गोळीवर मोजलेल्या असतात, आणि बहुतेक स्कोपमध्ये एकाच मोठेपणावर खऱ्या ठरतात, सहसा सर्वांत मोठ्या. रानात तुम्ही असता चारवर.

झिरो करताना आधी २५ यार्डांवर कागद गाठा. स्कोपची फिरकी एक क्लिक फिरवली की गोळी पाव इंच सरकते, पण ते शंभर यार्डांवर. पंचवीसवर एक इंच सरकवायला सोळा क्लिक लागतात, चार नव्हे. आणि प्रत्येक बारानंतर नळीतून ओली चिंधी, मग कोरडी चिंधी फिरवा, नळी गार होऊ द्या. मळलेल्या, तापलेल्या नळीतून गोळ्या वेगळीकडे जातात आणि माणूस स्कोपला शिव्या देतो. तुमची शिकारीतली पहिली गोळी ज्या नळीतून जाणार, तशाच नळीतून झिरो करा.

नेत्रा_मिशिगन:
मी नवऱ्याबरोबर बसते आणि पोटासाठी चष्मे तपासते, तेव्हा डोळ्यांपुरतं बोलते.

प्रोग्रेसिव्ह चष्म्यात काचेच्या वरच्या भागातून लांबचं दिसतं. दस्त्यावर डोकं कलल्यावर तुम्ही नेमके त्याच भागातून बघता, त्यामुळे स्कोपला हा चष्मा चालतो. उलट माशीसाठी मधला भाग लागायचा, म्हणून तुमची ओढाताण होत होती. स्कोप घेतल्यावर मागच्या कडीनं रेटिकलचा फोकस स्वतःच्या डोळ्याला जुळवा. चष्मा घालून, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून, सूर्याकडे चुकूनही नको. एका वेळी दोन-तीन सेकंदच बघा. जास्त वेळ बघितलं की डोळा आपणच तडजोड करतो आणि धूसर रेटिकलही स्पष्ट वाटायला लागतं.

रेड डॉटबद्दल: तुम्हाला ॲस्टिग्मॅटिझम, म्हणजे डोळ्याचा बाक असमान असण्याचा दोष, असेल तर ठिपका गोल न दिसता शेपटी फुटल्यासारखा पसरतो. दुकानात दोन मिनिटं हातात धरून बघा, लगेच कळेल.

शाकाहारी_सध्यातरी:
स्कोप वगैरे ठीक, पण गरीब हरणाला मारायचंच कशाला?

जुनी_नळी:
हा वाद वेगळा काढा, मी येतो तिथे. लांडगा आणि कूगर ओहायोतून केव्हाच संपले, आता हरणांची संख्या परवाने आणि टॅग लावूनच आवरली जाते. माझ्या फ्रीजरमध्ये हरणाचं मटण असतं, दुकानाचं क्वचित.

डेन्व्हरी:
एक सावधगिरी. कधी पश्चिमेला यायचा विचार असेल तर जुनी माशी आणि खाच फेकू नका. कोलोरॅडोच्या मझललोडर सीझनमध्ये स्कोप चालत नाही, सॅबो नाही, दारूच्या वड्याही नाहीत. सुटी दारू आणि नळीभर बसणारी गोळी. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतरचा सीझन तर चकमकीच्या बंदुकीचाच. त्या त्या राज्याची त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचूनच तिकीट काढा.

ओहायोकर:
२-७ पक्का. रिंग-बेसवर किती घालू? आणि रात्री केबिनमध्ये बंदूक आत आणू का?

जुनी_नळी:
स्कोपमधून वाचलेले पैसे तिथेच घाला. एकसंध बेस, बुटक्या रिंगा. बेसच्या स्क्रूंना आधी तेल पुसून निळं लॉकटाइट, म्हणजे स्क्रू पक्का धरणारा गोंद. टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानंच पिळणारा पाना, भाड्यानं किंवा उसना मिळतो, स्कोपसोबतच्या कागदावर आकडा असतो. हाताच्या अंदाजानं पिळाल तर नळी चेपते. मागून गॅस फुटतो तेव्हा काजळी स्कोपच्या पुढच्या पोटाला लागते. ती त्याच दिवशी ओल्या फडक्यानं पुसा, तिच्यातले क्षार धातू खातात.

बंदूक उबेत आणू नका. काचेवर आणि नळीत दव धरतं आणि सकाळी बार फुसका जातो. प्रायमर काढून, कुलूप लावून गारठ्यातच ठेवा. काचेवर श्वास सोडू नका, दोन्ही टोकांची झाकणं मचाणावर चढेपर्यंत बंद.