अमेरिकेतून आलेला आयफोन इथलं सिम घेत नाही, लॉक कसं काढावं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी, जरा घाईने सल्ला हवा आहे.
माझा दादा न्यू जर्सीत असतो. दिवाळीला आला तेव्हा स्वतःचा आयफोन १३ बाबांसाठी ठेवून गेला. फोन अगदी नव्यासारखा आहे आणि घरच्या वाय-फायवर सगळं चालतं, त्यामुळे तो असताना सिम घालून बघायचं कुणाला सुचलंच नाही. तो परत गेल्यावर बाबांचं सिम घातलं तर 'सिम नॉट सपोर्टेड' असं येतं. माझं घालून पाहिलं, शेजारच्या काकूंचं घातलं, तरी तेच.

इथे साताऱ्यात एक दुकानदार म्हणाला, "अमेरिकेचा लॉक आहे, चिप टाकून देतो, अडीच हजार होतील." दुसरा म्हणतो फोन पुण्याला पाठवायचा, सहा हजार आणि आठवडाभर थांबायचं. कुणावर विश्वास ठेवावा कळत नाही.

दादा म्हणतो तोवर वाय-फायवर वापरा. पण बाबांची पेन्शन आणि यूपीआय त्याच नंबरवर आहे. यूपीआय सुरू करताना अ‍ॅप फोनमधल्या सिमवरून बँकेला एसएमएस पाठवतं, म्हणजे सिम त्याच फोनमध्ये हवं. कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

घाटमाथा
ताई, चिप अजिबात टाकू नका. मी हे भोगलं आहे. भावोजींनी दिलेल्या फोनमध्ये मी तशीच चिप बसवून घेतली होती. कागदासारखी पातळ पट्टी असते, सिमला चिकटवून दोन्ही एकत्र खाचेत सरकवतात. आत मूळ कंपनीचंच सिम आहे असं ती फोनला भासवते. लॉक जिथल्या तिथेच राहतं. दोन महिने बरं चाललं, मग आयओएसचं अपडेट आलं आणि सकाळी उठलो तर नेटवर्क गायब. दुकानदाराने पुन्हा पैसे घेऊन नवी चिप दिली, तीही पुढच्या अपडेटला गेली. बँकेचे ओटीपी ज्या फोनवर येतात त्यात असला प्रकार नको.

आधी एक करा. सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे जा आणि खाली 'कॅरियर लॉक' अशी ओळ आहे तिच्यासमोर काय लिहिलंय ते इथे सांगा. 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असेल तर फोन मोकळा आहे आणि अडचण दुसरी आहे. 'सिम लॉक्ड' असेल तर ज्या मोबाइल कंपनीकडून फोन घेतला तिचं लॉक, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही.

दुकानात 'लॉक' हा एकच शब्द तीन गोष्टींना वापरतात. स्क्रीनचा पासकोड वेगळा, अ‍ॅपल खात्याचं अ‍ॅक्टिव्हेशन लॉक वेगळं आणि मोबाइल कंपनीचं लॉक वेगळं. दादांनी देताना आपल्या अ‍ॅपल खात्यातून साइन आउट केलं होतं ना, तेही विचारून घ्या.

कृष्णाकाठ
पाहिलं. 'सिम लॉक्ड' लिहिलंय. साइन आउट त्याने माझ्यासमोरच केलं होतं. पण एक नवीनच कळलं. फोन त्याने हप्त्यांवर घेतला होता आणि अजून पाच हप्ते बाकी आहेत.

हडसनपार
मग सगळी गोम तिथेच आहे. मी इथे अमेरिकेत बरीच वर्षं आहे, घरी पाठवलेल्या तीन फोनांसाठी हे सोपस्कार केले आहेत, म्हणून जरा लांब लिहितो.

आयफोनचं कंपनी-लॉक फोनच्या आत खोलून काढता येत नाही. तुमचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) लॉक आहे की मोकळा ही नोंद अ‍ॅपलच्या सर्व्हरवर असते आणि ती बदलायला सांगण्याचा अधिकार ज्या कंपनीने लॉक लावलं तिलाच. कंपनीने हिरवा कंदील दिला की फोन इंटरनेटवरून ती नोंद वाचतो आणि मोकळा होतो. म्हणून पुण्याला पाठवून सहा हजारांत काय करणार होते, हे त्यांना जरूर विचारा. इंटरनेटवर आयएमईआय घेऊन पैसे मागणारी संकेतस्थळंही खूप आहेत. तिथे आयएमईआय देऊ नका, कार्ड तर नाहीच.

हे काम दादांनी करायचं आहे, तुम्ही नाही. अट साधारण सगळीकडे सारखी आहे: फोनचे पूर्ण पैसे फेडलेले हवेत, तो हरवला-चोरीला गेल्याची नोंद नको आणि त्या कंपनीच्या जाळ्यावर ठरावीक दिवस चाललेला हवा. इथल्या कंपन्यांपैकी मासिक बिलाच्या जोडणीला टी-मोबाइल ४० दिवस मागतं, एटी अँड टी ६० दिवस. प्रीपेडला मुदत बरीच मोठी असते, एटी अँड टीकडे सहा महिने आणि टी-मोबाइलकडे एक वर्ष. व्हेरायझनचे नियम मधल्या काळात बदलत आले आहेत, म्हणून त्यांच्या पानावर आजचं काय ते वाचूनच पुढे जावं. लॉक काढायला या कंपन्या पैसे घेत नाहीत.

एटी अँड टीचा अर्ज त्यांच्या संकेतस्थळावर असतो. तो भरल्यावर ईमेल येतं आणि त्यातल्या दुव्यावर २४ तासांत टिचकी मारली नाही तर अर्ज रद्द होतो. तुमची रात्र म्हणजे इथला दिवस, तेव्हा ईमेल पत्ता दादांचाच द्या.

कृष्णाकाठ
किती बारकाईने लिहिलंत, मनापासून आभार. हप्ते एकदम फेडावेत की पाच महिने थांबावं?

हडसनपार
बाबांना आत्ता हवा असेल तर फेडावेत. मात्र पैसे भरण्याआधी दादांनी कंपनीला एक विचारावं. पुष्कळदा फोन 'फुकट' मिळालेला असतो तो असा, की हप्त्याएवढी सूट दर महिन्याच्या बिलात येते. हप्ते लवकर फेडले तर उरलेली सूट बुडू शकते. रक्कम ऐकून ठरवा.
आणि फोन मोकळा झाल्याची खात्री होईपर्यंत दादांनी ती कंपनी सोडू नये. खातं बंद झालं की त्याच कामासाठी दहा फोन करावे लागतात.

टोरांटोकर
आमच्याकडे हा त्रासच संपला. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन मोकळेच विकायचा नियम आहे आणि जुन्यांचं लॉकही फुकट काढून द्यावं लागतं. त्याआधी पन्नासेक डॉलर मोजावे लागत. ब्रिटनमध्येही १७ डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकायला बंदी आहे. त्यामुळे लंडनहून कुणी फोन आणत असेल तर तो त्यानंतर विकत घेतलेला आहे ना, एवढं विचारलं तरी पुरे.

वाचनवेल
अमेरिकेत तर २०१३ च्या जानेवारीपासून काही काळ कंपनीच्या परवानगीशिवाय नव्या फोनचं लॉक काढणं बेकायदा ठरलं होतं. लाखाहून जास्त लोकांनी व्हाइट हाउसकडे अर्जावर सह्या केल्या, तेव्हा कुठे १ ऑगस्ट २०१४ ला ओबामांच्या सहीने कायदा बदलला. स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या वस्तूसाठी एवढं करावं लागावं, याचा मला अजूनही राग येतो.
आपल्याकडे सुटे फोन मोकळेच मिळतात म्हणून हे आपल्या ध्यानात येत नाही. ज्यांनी २०१७ चा जिओफोन घरी वापरला असेल त्यांना मात्र आठवेल, त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नसे.

रानजाई
धाग्यातच विचारते. माझी मुलगी जानेवारीत अमेरिकेहून येताना माझ्यासाठी आयफोन १५ आणणार आहे. तिलाही हेच सांगू?

घाटमाथा
हो, आणि आणखी एक सांगा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना १४ पासून सिमची खाचच नाही, फक्त ईसिम, म्हणजे फोनमध्येच असलेलं, कार्डाशिवायचं सिम. इथे जिओ, एअरटेल आणि व्ही तिघंही ईसिम देतात, त्यामुळे अडत नाही. पण तुमचं आत्ताचं सिम ईसिममध्ये बदलून घ्यावं लागेल आणि त्यासाठी जुना फोन चालू हवा, म्हणून तो लगेच कुणाला देऊन टाकू नका. तिने ईसिमच्या भानगडीत पडायच्या आधी 'कॅरियर लॉक' ही ओळ तिकडेच, दुकानातच बघावी. सुटा, कंपनीशिवायचा फोन घेतला तर उत्तम.
अँड्रॉइड आणत असेल तर लॉक निघालं तरी काम संपत नाही. जिओचे कॉल ४जी-५जीवरच चालतात, तेव्हा त्या मॉडेलवर जिओचं व्होल्टी (४जीवरून कॉल करायची सोय) चालतं का, हे आधी बघा.

कृष्णाकाठ
बारा दिवसांनी लिहिते आहे. सूट बुडत नाही हे दादाने आधी विचारून घेतलं, मग उरलेले हप्ते भरले. भरलेले पैसे खात्यात दिसायला तीन दिवस गेले, त्याआधी केलेला अर्ज परत आला होता. दुसऱ्यांदा केला आणि दोन दिवसांत मंजुरीचा ईमेल त्याला आला. मी फोन वाय-फायला जोडून बंद-चालू केला आणि अबाउटमध्ये गेले, तर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स'.
बाबांचं सिम घातलं, मिनिटभरात नेटवर्कच्या दांड्या आल्या. यूपीआयचा एसएमएस पहिल्या झटक्यात गेला. बाबांनी पहिले पैसे दूधवाल्या मामांना पाठवले आणि ते पोचले का, हे विचारायला त्याच फोनवरून त्यांना फोनही केला.