गोव्यातला टॅक्सीचा वाद: भांडण त्यांचं, चालायचं आपण?

अनगोळकर
गेल्या महिन्यात आईला घेऊन कळंगुटला गेलो होतो. जाताना कदंबाची बस, चोर्ला घाटातून पणजी. तीन दिवस छान गेले. परत निघायच्या सकाळी हॉटेलच्या दारातल्या टॅक्सीवाल्याला पणजी बसस्टँडचं भाडं विचारलं. पंधराएक किलोमीटरला त्यानं जेवढे सांगितले, तेवढ्यात आम्ही दोघं बसनं बेळगाव-पणजी जाऊन येऊन केलं असतं. मग अ‍ॅपवरून गाडी मागवली. चालकाचा फोन आला, "हॉटेलपाशी नाही येता येत, मेन रोडला या." आईचा गुडघा दुखतो. बॅगेचं चाक खडीत अडकायला लागलं, शेवटी बॅग खांद्यावर घेतली. मध्येच आई एका कंपाउंडच्या कट्ट्यावर टेकली आणि म्हणाली, "भांडण त्यांचं, आणि चालायचं मी होय रे?"

ते काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

स्टँडवरचे टॅक्सीवाले अ‍ॅपच्या गाडीला हॉटेलच्या दारातून माणूस घेऊ देत नाहीत, त्यावरून हा वाद. तो जुना आहे. जानेवारी 2018 मध्ये वेगनियंत्रक बसवायच्या सक्तीवरून गोव्यातल्या टॅक्सी बंद होत्या. त्याच वर्षी पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकारानं गोवा माइल्स हे टॅक्सीचं अ‍ॅप आलं, आणि एप्रिल 2021 मध्ये ते बंद करा म्हणून पुन्हा संप झाला. डिजिटल मीटर बसवा, असा आदेश शेवटी उच्च न्यायालयानं द्यावा लागला. मीटर आले, तरी भाडं तोंडानंच ठरतं. माझं म्हणणं एवढंच: गाडीत बसायच्या आधी भाडं कळलं पाहिजे, आणि प्रवाशानं कुणाच्या गाडीत बसायचं ते प्रवाशानंच ठरवायचं. संप करायचा त्यांना हक्क आहे. दुसऱ्याची गाडी अडवायचा नाही.

पिवळी पाटी
अनगोळकर, आईंना त्रास झाला ते वाईटच. पण एक बाजू मी सांगतो. चौदा वर्षं झाली बेळगावहून गोव्याला भाडी मारतोय, गाडी केए-22, पिवळी पाटी. गोव्यात पर्यटक सोडून परत येताना तिथलं सीट मी भरत नाही. भरलं तर अडवतात, एकदा मलाही अडवलंय. तरी मी त्यांच्याच बाजूनं बोलणार.

का ते ऐका. तिथं सीझन ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात किनारा ओस पडतो, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. हॉटेलच्या दारातला स्टँड म्हणजे त्या माणसाची शेती. बापाच्या जागेवर मुलगा उभा असतो. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू झाला. त्याच्यासाठी पेडण्यातल्या लोकांच्या जमिनी गेल्या. जमीन दिलेल्याचा पोरगा टॅक्सी घेऊन बाहेर उभा, आणि आत काउंटर अ‍ॅपवाल्याचा. मग तो काउंटर हलवा म्हणून माणसं रस्त्यावर येणारच की.

अ‍ॅप आज स्वस्त आहे. सगळे स्टँड मोडल्यावर दर कोण ठरवणार? तेव्हा तुम्ही कुणाशी घासाघीस करणार? स्टँडवरच्या माणसाशी निदान बोलता तरी येतं.

आणि पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्या भाड्यानं फिरतात, त्यावर कुणी धागा काढत नाही. परमिट, टॅक्स, फिटनेस सगळं आम्ही भरायचं.

शहापूरचा रिक्षावाला
गोव्याचं सोडा, आपल्या बेळगावात कुठं मीटर चालतो? मी स्वतः रिक्षा चालवतो, म्हणून सांगतो. रेल्वे स्टेशनवरून टिळकवाडीला कुणी काय, कुणी काय मागतो. 11 जून 2023 पासून बायकांना सरकारी बस फुकट झाली तेव्हापासून आमची निम्मी गिऱ्हाईकं गेली. ती कसर उरलेल्यांकडून काढतात, हे खरं आहे. चूक आहे, मलाही कळतं. पण मीटरनं एकट्यानं चाललो तर घर चालत नाही. सगळ्यांनी एकदम टाकला तर मी पहिला टाकीन.

अनगोळकर
भाऊ, सरळ कबूल केलंत, बरं वाटलं. माझंही तेच म्हणणं आहे, सगळ्यांना एकदम लागू करा. पिवळी पाटी, जमिनीचा मुद्दा मला मान्य आहे. ज्याची जमीन गेली त्याला विमानतळावर पहिला काउंटर द्या, राखीव द्या. पण ती भरपाई सरकारनं द्यायची आहे. माझ्या आईच्या गुडघ्यानं नव्हे.

साखळीची सून
माझं माहेर वडगाव, सासर साखळी. दीर टॅक्सी चालवतात, तेव्हा दोन्हीकडचं ऐकते. दीर सांगतात, मीटर बसवून घेतला, पण स्टँडवर ठरलेला दर सोडून मीटरनं गेलं तर दुसऱ्या दिवशी लायनीत नंबर देत नाहीत. म्हणजे आपल्यासारखेच तेही अडकलेत.

एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही. अ‍ॅपची गाडी हॉटेलच्या दारात माणूस *सोडायला* आली तर सहसा कुणी हटकत नाही. *घ्यायला* आली की हटकतात. रात्री एकटी बाई, सोबत लहान मूल, तरी म्हणे मेन रोडला या. माझ्या बहिणीला असं अंधारात उभं राहावं लागलं. पोटाचा प्रश्न मला कळतो, घरातच आहे. पण बाईला रात्री रस्त्यावर काढून कुणाचं पोट भरतं?

निपाणीचा पास
वाहतूक थांबवणं हे हत्यार किती सहज उपसतात, हे सीमेवरच्या माणसाला कुणी शिकवायला नको. फेब्रुवारी 2025 मध्ये भाषेवरून बेळगावजवळ कंडक्टरला मारहाण झाली, मग तिकडे चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटीवर हल्ला, आणि दोन्ही राज्यांच्या बस सीमेपाशी थांबल्या. आम्ही कोल्हापूरला जाणारी माणसं, कुणाला दवाखाना, कुणाला कॉलेज. सीमेपर्यंत एक गाडी, पुढं चालत, मग दुसरी. भाषेचं भांडण असो की भाड्याचं, गाडी बंद झाली की पाय आमचेच. म्हणून मी अनगोळकरांच्या बाजूनं.

पिवळी पाटी
पास, बस सरकारची. टॅक्सी ज्याची त्याची. आपली गाडी बंद ठेवायला कुणाची परवानगी कशाला लागते? मात्र साखळीच्या वहिनी म्हणतात ते पटलं. रात्री बाई-माणसाला, म्हाताऱ्याला दारातून न्यायला अडवू नये. माझ्या ओळखीच्या स्टँडवाल्यांना हे मी स्वतः बोलेन.

अनगोळकर
बोलाच. एक विचारतो, राग मानू नका. गोव्यात परतीचं सीट भरू देत नाहीत, म्हणून तुम्ही चोर्ल्यातून रिकामी गाडी आणता. त्या डिझेलचे पैसे कुणाकडून घेता?

पिवळी पाटी
जाणाऱ्या गिऱ्हाइकाकडून. दोन्ही बाजूंचं धरूनच दर सांगतो. दुसरा मार्ग नाही.

अनगोळकर
म्हणजे स्टँड त्यांचा, आणि त्याचं भाडं बेळगावात मी भरतोय. हे निदान गाडीत बसायच्या आधी सांगत चला.

पिवळी पाटी
सांगतो. पुढच्या भाड्यापासून जायचं वेगळं, यायचं वेगळं लिहून देतो.