भूल दिल्यापासून घुबड दिवसा जागं राहतंय, औषधामुळे का?

निशाचर_सांगली:
संक्रांतीच्या मांज्यात अडकलेलं गव्हाणी घुबड आमच्याकडे आहे, वनखात्याला कळवलंय. हातात धरू देईना म्हणून डॉक्टरांनी केटामाइनची भूल देऊन पंखाला टाके घातले. आज पाचवा दिवस, दुपारी बाराला पिंजऱ्यात येरझाऱ्या आणि रात्री उंदीर ठेवला तर ढुंकून बघत नाही. भुलीनं त्याचं दिवस-रात्रीचं शरीरातलं घड्याळ बिघडलं असेल का? सोडायचं कधी मग?

टाकेवाला:
केटामाइन पाच दिवस अंगात राहत नाही हो. नुसतं तेच दिलं तर शुद्धीवर येताना घुबडं फार फडफडतात, म्हणून जोडीला मिडाझोलाम हे शांत करणारं औषध देतात, पण हा सगळा काही तासांचा मामला. आयसोफ्लुरेन ही भूल तर वाफ हुंगवूनच देतात, ती श्वासावाटे मिनिटांत जाते. लांबतं ते अल्फा-क्लोरालोज, अमेरिकेत जंगली हंस पकडायला मक्यात नाहीतर पावात घालून देतात, त्याची गुंगी उतरायला कधी कधी २४ तास लागतात.

मधुबन:
औषध उतरलं म्हणजे घड्याळही जागेवर आलं असं नाही ना! न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी मधमाश्यांना दिवसा ६ तास आयसोफ्लुरेन दिलं तर त्यांचं घड्याळ तीनेक तास मागे पडलं, सूर्यावरून दिशा काढताना चुकायला लागल्या (हे २०१२ साली छापून आलंय). रात्री दिलं तेव्हा मात्र तसं काही नाही. आता माशी कुठं आणि घुबड कुठं, पण भूल किती वाजता दिली ते लिहून ठेवा.

खाडीकाठ:
मला औषधापेक्षा खोलीचा संशय येतोय. पक्ष्यांच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथीला कवटीतून थेट उजेड कळतो आणि अंधार पडला की ती मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, सोडते, मग रात्रभर लाइट चालू असेल तर त्याला रात्र झालेली कळणार कशी? शिवाय पकडल्याचा धसका वेगळाच. माग काढायला टॅग लावून सोडलेल्या पक्ष्यांचा सुरुवातीच्या दिवसांचा डेटा बरेच जण धरतच नाहीत, कारण तेव्हा पक्षी नेहमीसारखा वागत नसतो, आणि त्यातल्या कितीतरी पक्ष्यांना भूल दिलेलीच नसते. सोडायचं म्हणाल तर टाके भरू देत, उड्डाण तपासा, आणि रात्री स्वतःहून खायला लागू दे आधी.

निशाचर_सांगली:
ट्यूब चालूच असते राव, शेजारच्या पिंजऱ्यात कबुतराची पिल्लं आहेत ना, त्यांना दर दोन तासांनी भरवावं लागतं. आज घुबडाला मागच्या खोलीत हलवतो. भूल सकाळी अकराला दिली होती, ते पण लिहिलं वहीत.